एक फेरी मोऱ्याला

भाऊच्या धक्क्यावर उरणजवळच्या मोरा बंदराचं तिकीट काढतानाच खिडकीतला माणूस म्हणाला होता, "ओहोटी हाय, मोऱ्याला टाइम लागंल." लागला. डावीकडून जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या गेल्या, त्यांच्यामागे घारापुरीचे डोंगर सरकले, न्हावा-शेव्याकडे जाणारा मोठ्या जहाजांचा मार्ग आम्ही घाईघाईने ओलांडला. उरणचा डोंगर इतका जवळ आला की त्यावरची झाडं सुटी सुटी दिसायला लागली. धक्का हाकेच्या अंतरावर असताना लाँचच्या इंजिनाचा सूर उतरला आणि मागच्या पंख्याने पाणी नव्हे, काळी पेज ढवळायला घेतली. नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावर, एक खलाशी पोरगा बांबू घेऊन उभा होता. बांबू खाली सोडायचा, वर काढायचा, ओल्या खुणेकडे बघायचं आणि मागे ओरडायचं. "दोन हात!" मग "दीड!" मग काहीच ओरडला नाही, नुसता हात आडवा केला. इंजिन बंद. आता पाणी चढेपर्यंत बसा.

बसलो. अटल सेतू झाल्यापासून आणि उरणला लोकल आल्यापासून लाँचला पूर्वीची गर्दी नसते. तरी धक्क्यावरून मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या बायका असतात, कामावरून परतणारे असतात आणि माझ्यासारखे कारण नसताना पाण्यावरून येणारे एखाद-दोन. समोरच्या बाकावर एक मावशी रिकाम्या पाटीवर पाय टेकून बसल्या होत्या. मागे, आम्ही ओलांडून आलो त्या मार्गावर, एक बुटकं, लांबट, करड्या रंगाचं जहाज अगदी सावकाश चाललं होतं. कुशीला एक जाड नळी पाण्यात सोडलेली, मधल्या भागातून वाफेसारखा पाण्याचा फवारा. मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "ती गाल उपसनारी बोट ना?"

आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो हे मला माहीत आहे, तरी दर वेळी गाळाचा गाल झालेला ऐकून हसू येतं. मी हो म्हटलं, आणि वर जरा फुशारकीने, मी अशा बोटीवर कामाला होतो, असंही सांगून टाकलं.

"मंग सांग ना बाला तिला," मावशी म्हणाल्या, "एक फेरी हितं मोऱ्याला मार म्हनावं."

मी हसलो. म्हटलं, "मावशी, ती इथवर यायची नाही. भरल्यावर तिला सात मीटर पाणी लागतं. आपल्या आधी तीच रुतेल."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. "म्हंजे जिथं खोल हाय तिथंच ती खोल करते?"

तांत्रिकदृष्ट्या याला उत्तर 'हो' असंच आहे. ते मी दिलंही. पण मी हसलो होतो ते मला नंतर कितीतरी दिवस बोचत राहिलं.

१९९८ च्या सुमारास मी जलसर्वेक्षक म्हणून नवा नवा लागलो होतो आणि काही महिने मला अशाच एका जहाजावर टाकलं होतं. पूर्ण नाव ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर. जहाजावर एवढं कोणी बोलत नाही, नुसतं 'ड्रेजर' म्हणतात, आणि किनाऱ्यावरचे लोक 'गाळाची बोट'. बंदराचं जहाज म्हटलं की डोळ्यांसमोर येतं तसलं त्यात काही नव्हतं. मोठं पोट, म्हणजे हॉपर, वर उघडं. आत वाकून बघितलं की विहिरीत बघितल्यासारखं वाटायचं. त्या पोटात साडेचार हजार घनमीटर मावायचं. दहा घनमीटरच्या डंपरच्या हिशेबाने साडेचारशे डंपर, एका खेपेत. आणि तरी ते धंद्यातलं लहानच. बेल्जियन कंपनीचं 'क्रिस्तोबाल कोलोन' २००९ मध्ये सेवेत आलं त्याचं पोट ४६ हजार घनमीटरचं आहे. आमच्यासारख्या दहा बोटी त्याच्यात रिकाम्या होतील.

काम सांगायला सोपं. दोन्ही कुशींना हत्तीच्या सोंडेसारख्या नळ्या. त्यांच्या टोकाला ड्रॅगहेड, म्हणजे काही टनांचा पोलादी जबडा. नळी गॅन्ट्रीवरून, म्हणजे डेकवरच्या पोलादी कमानीवरून, हळूहळू खाली सोडायची, जबडा तळाला टेकला की पंप चालू, आणि जहाजाने तो तळावरून फरफटत न्यायचा. दोन-अडीच नॉट वेगाने, म्हणजे तासाला चार-साडेचार किलोमीटर. आपण संध्याकाळी फिरायला जातो ती चाल. वरून लाट येते, जहाज वर-खाली होतं, पण जबड्याने तळ सोडायचा नाही आणि तळावर आदळायचंही नाही. म्हणून नळीच्या दोराला स्वेल कॉम्पेन्सेटर लावलेला असतो, जहाज उचललं गेलं की तो दोर देतो, खाली आलं की घेतो. पाइप चालवणारा माणूस काचेच्या खोलीत बसून घड्याळांसारख्या तबकड्यांकडे बघत असायचा. बाहेर समुद्राकडे त्याचं लक्षच नसे. आमच्या जहाजावरचे एक आंध्रचे गृहस्थ, वय पन्नाशीच्या पुढचं, डोळे मिटूनही सांगत, "माती आली." पंपाचा आवाज बदलतो. नुसतं पाणी असलं तर तो शीळ घातल्यासारखा मोकळा येतो, गाळ आला की घसा बसल्यासारखा. आठ दिवसांनी मलाही कळायला लागलं. रात्री बंकवर पडल्या पडल्या आवाज बसला की बरं वाटायचं, मोकळा झाला की झोप चाळवायची. पगार त्या आवाजाचा होता ना.

गंमत अशी की रेती काढायची असली तर हे सगळं फार शहाण्यासारखं चालतं. रेती पोटात गेली की तळाशी बसते, वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून परत समुद्रात, आणि पोट रेतीने खरोखर भरतं. दुबईच्या पाम जुमैराला ९.४ कोटी घनमीटर रेती लागली ती अशाच जहाजांनी आखाताच्या तळातून आणून टाकली. वाळवंट उशाशी असून वाऱ्याने गोल झालेली वाळवंटातली वाळू त्या कामाला चालत नाही. नाकातून इंद्रधनुष्यासारखी कमान करून रेती फेकणारं जहाज तुम्ही फोटोत पाहिलं असेल, ते हेच. आमच्या मुंबईच्या गाळाला मात्र बसायचं वळणच नाही. ओव्हरफ्लो चालू ठेवला तर जो वर आणला तोच पुन्हा खाली. बंद ठेवला तर पोटात अर्ध्याहून जास्त पाणी, आणि ते पाणी इमानेइतबारे वाहून न्यायचं. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी आमच्या मेटला, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला, विचारलं होतं, "म्हणजे आपण समुद्रातलं पाणी काढून समुद्रात टाकतोय?" तो म्हणाला, "थोडी माती पण असते."

जबडा वर आला की धुवायचा. हे काम मला आवडायचं, कारण तेवढंच हाताने करण्यासारखं होतं. जाळीत अडकलेलं सगळं हुक घालून ओढून काढायचं. नायलॉनचे दोर, त्यांची गाठ सोडवण्यापेक्षा कापणं बरं. गोणपाट. साड्या, चोळीखण. सिमेंटच्या पिशव्या. एका पायातले जोडे, कधीच जोडीने नाहीत. नारळ तर रोज, पाण्याने काळे झालेले, काहींना अजून दोरा गुंडाळलेला. गणपतीनंतरच्या पंधरवड्यात प्लास्टरचे तुकडे यायचे, एखादा हात, पाटाचा कोपरा. एकदा सोंडेचा तुकडा आला, सोनेरी रंग शाबूत. नळीला आम्ही सोंड म्हणायचो आणि सोंडेतून सोंड आली म्हणून सगळे हसले, मग कुणीतरी टोपी काढली, मग तो तुकडा कुणी हातात घ्यायला तयार होईना. शेवटी स्वयंपाक्याने फडक्यात गुंडाळून डम्पिंगच्या जागी परत सोडला. पाइपच्या खोलीतले गृहस्थ म्हणाले, "दुसऱ्यांदा विसर्जन."

आणि वास. ओहोटीला माहीमच्या खाडीवरून ट्रेनने गेलेल्यांना तो ठाऊक आहे, सडक्या अंड्याचा. पण तो उघड्यावरचा. हॉपरच्या काठावर उभं राहिलं की तो ताजा आणि गार असायचा, आणि त्याखाली आणखी एक वास, पहिल्या पावसात शेणसडा उकरला जावा तसा. मला तो घाण वाटायचा नाही. हे घरी कधी बोललो नाही.

गाळ येतो कुठून? सगळीकडून. उल्हासच्या अंगाने ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी, पाताळगंगा, अंबा. पावसाळ्यात सह्याद्रीवरून जे सुटतं ते हळूहळू इथे उतरतं, आणि मग भरती-ओहोटी ते वर्षभर मागे-पुढे करत बसते. तुम्ही समुद्राच्या तळात खोल चर खणला की तिथे प्रवाह मंदावतो, आणि मंदावला की हातातलं ओझं तिथेच टाकतो. म्हणजे जितकं खोल कराल तितकं भरायला कारण. दर पावसाळ्यानंतर पुन्हा काढायचं. शेतकऱ्याला याच गाळाचं अप्रूप. धरणातला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजना आहे, 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार', आणि त्या ट्रॅक्टरांसाठी गावात रांगा लागतात. समुद्राला पोचेपर्यंत त्याच मातीला मीठ लागतं आणि मग ती कोणालाच नको असते. भाषेतही बघा, आपण घाम गाळतो, पाणी गाळतो. गाळून घेतलं ते 'गाळीव' म्हणून गौरवायचं आणि मागे राहिला तो गाळ. माणूस बुडाला की गाळात गेला म्हणायचं.

माझं खरं काम होतं खोली मोजण्याचं. ड्रेजर काढून गेला की सर्वेक्षणाची छोटी लाँच त्याच पट्ट्यावरून आडव्या रेघा मारत फिरायची. पोटाखालून ध्वनीची टिचकी तळाकडे जाते, आपटून परत येते, लागलेल्या वेळावरून खोली. तेव्हा हे सगळं कागदाच्या गुंडाळीवर उमटायचं, करपल्याचा वास येणाऱ्या कागदावर. आणि मुंबईत त्या कागदावर तळाच्या दोन रेषा यायच्या. एक उंच पट्टीच्या ध्वनीची, एक खालच्या पट्टीच्या. उंच आवाज गाळाच्या पहिल्या पातळ सायीवरूनच परत फिरतो. जाडा आवाज तीतून आरपार जाऊन खालच्या घट्ट थरावर आपटतो. दोन्हींत कधी फूटभराचा, कधी मीटरहून जास्त फरक. पहिल्या दिवशी मी वरिष्ठांना विचारलं, यातला खरा तळ कोणता? ते म्हणाले, "कोणाला दाखवायचाय त्यावर आहे." चेष्टा होती, पण फार नव्हती. घनमीटरचा हिशेब, बिलं, जहाजाला आत घ्यायचं की भरतीपर्यंत बाहेर ठेवायचं, सगळं त्या दोन रेषांमधल्या फटीत अडकलेलं. ती फट म्हणजे ना धड पाणी ना धड माती. रॉटरडॅमवाल्यांनी तर ठरवूनच टाकलं की गाळ अमुक घनतेपेक्षा पातळ असेल तोवर जहाजाने त्यातून जायला हरकत नाही. तळ कुठे, याचा निर्णय समुद्राने नाही केला, समितीने केला.

पुढे कामानिमित्त खडकवासल्याला गेलो होतो, १९१६ पासून पाण्याचा अभ्यास करणाऱ्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. सिंहगडाच्या परिसरात एका प्रचंड शेडखाली अख्खं मुंबई बंदर सिमेंटमध्ये बांधलेलं. घारापुरी टेबलाएवढी. यंत्राने पाणी चढतं, उतरतं, आपल्या साडेबारा तासांची भरती-ओहोटी तिथे काही मिनिटांत आटोपते. मी मोरा शोधला. एका बोटाच्या पेराएवढा कोपरा, पाणी उतरलं की कोरडा. शास्त्रज्ञ मला न्हावा-शेव्याचा मार्ग दाखवत होते, १९८९ साली बंदर सुरू झाल्यापासून किती वेळा, किती खोल. मी मान डोलावत होतो. त्या पेराबद्दल विचारायचं राहिलं. म्हणजे सुचलंच नाही. आता मावशींमुळे आठवलं.

मुंबईला गाळाचा हिशेब विचारणारे लोक तसे जुने आहेत. बॅलार्ड इस्टेट उभी आहे ती अलेक्झांड्रा डॉकच्या, म्हणजे आताच्या इंदिरा डॉकच्या, खोदकामातून निघालेल्या भरावावर. तो व्यवहार सुखाचा झाला. मग १९२० च्या दशकात बॅकबे भरायचं काढलं. 'सर जॉर्ज लॉईड' नावाचा ड्रेजर, गव्हर्नरांच्याच नावाचा, आमच्या बोटीचा थोडा वेगळ्या जातीचा चुलता. त्याने बंदराच्या बाजूचा गाळ ओढायचा आणि कुलाब्याच्या जमिनीवरून टाकलेल्या नळाने पलीकडच्या उपसागरात ओतायचा. ठरलेलं माप काही निघेना आणि खर्च चढत गेला. लोक त्याला 'लॉईडचा वेडेपणा' म्हणायला लागले. खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाच्या वकिलाने कौन्सिलात आणि बाहेर हिशेब मागितला, त्या कामावरच्या हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, तो नरिमननी जिंकला. आणि नंतर त्याच बॅकबेमध्ये भराव घालून जे टोक तयार झालं त्याचं नाव नरिमन पॉइंट. माझं ऑफिस काही वर्षं तिथे होतं. भरावाचा हिशेब मागणाऱ्याच्या नावाच्या भरावावर बसून मी गाळाचे तक्ते तपासायचो, आणि दुपारी खाली उतरून भेळ खायचो.

खेपेचा शेवट मात्र खरंच बघण्यासारखा असायचा. पोट भरलं की नळ्या उचलायच्या आणि बंदराबाहेर खुल्या समुद्रात, ठरवून दिलेल्या चौकोनाकडे निघायचं. जहाज इतकं जड झालेलं की डेकला पाणी लागेल असं वाटायचं. चौकोनात पोचलं की पोटाखालची दारं उघडायची. आवाज फार नाही, एक लांब उसासा. आणि मग पायाखालचं जहाज वर यायला लागतं. लिफ्टमध्ये येतो तो पोटातला हलका गोळा, पण सावकाश, दहा-एक मिनिटं. चहाचा ग्लास हातात असला तर चहाच्या काठावरून कळायचं. क्षितिज खाली जातं. मागे पाण्यावर तपकिरी ढग पसरत असतो आणि आपण हलके होऊन वळून पुन्हा तिथेच निघालेलो असतो. दिवस-रात्र मिळून अशा कितीतरी खेपा. मला ते मिनिट फार आवडायचं, आजही आवडेल.

त्या ढगाच्या कडेला कधी कधी मचवे दिसायचे. डोल लावणाऱ्यांची जाळी प्रवाहाच्या तोंडाला खुंटांवर ताणलेली असतात, प्रवाह जे आणील ते पिशवीत: बोंबील, करंदी, जवळा. प्रवाहाने गाळ आणला तर गाळ. एकदा एक मचवा जवळून गेला, त्यातल्या माणसाने ओरडून काहीतरी म्हटलं आणि जाळ्याचा एक भाग उचलून दाखवला. लोंबणारी, करडी, जड पिशवी. पंपांच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. आमच्यातल्या एकाने हात हलवला, टाटा केल्यासारखा. मीही हलवला असणार. चौकोन कागदावर मंजूर होता, आम्ही त्याच्या आतच होतो, माझ्याच नोंदवहीत अक्षांश-रेखांश आहेत. कागदावर ओढलेल्या चौकोनाच्या भिंती पाण्यात नसतात, हे तेव्हाही मला येत होतं. तरी मी चहा संपवला.

हे सगळं मावशींना सांगण्यासारखं नव्हतं. सांगायचं असतं ते एवढंच, की मोऱ्याच्या धक्क्यापाशी यायला वेगळी यंत्रणा लागते: तराफ्यावरचं खोदयंत्र, लांब हाताचं, बादली-बादलीने काढणारं, शेजारच्या बार्जमध्ये टाकणारं. ती येते, काढते, पुन्हा भरतं. त्या मोठ्या जहाजाला मात्र खोली करायला आधी खोली लागते. ज्याच्या दारात पाणी आहे त्याच्याच दारात ते जाऊ शकतं. हे त्याच्या बांधणीत आहे, कोणी मुद्दाम केलेलं नाही. त्याच्याच जोरावर पंधरा मीटर पाण्यात बसणारी कंटेनरची जहाजं भरती धरून आत येतात, आपल्या सगळ्यांच्या घरातल्या निम्म्या वस्तू त्यांतून आल्यात, मावशींच्या पाटीवरचं प्लास्टिकसुद्धा. आणि आमच्या लाँचला हवं होतं पुरुषभर पाणी.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. वेळापत्रक बघून, मुद्दाम ओहोटीचं. मावशी त्या दिवशीही होत्या, पण मला ओळखलं नाही, किंवा ओळखून दाखवलं नाही. ड्रेजर नव्हता, मार्गावर एक लाल-निळं कंटेनरांचं ढिगारं टगबोटींच्या मध्ये सरकत होतं. आम्ही त्याच जागी, तसेच थांबलो. खलाशी पोरगा तोच. मी पुढे जाऊन त्याला म्हटलं, जरा दे. त्याने हसून बांबू दिला. हातात घेतल्यावर कळलं, त्याला खुणा वगैरे काही नव्हत्या, नुसता गुळगुळीत झालेला बांबू. मी तो सोडला. सुरुवातीला काहीच लागलं नाही, मग काहीतरी लागल्यासारखं झालं, सायीला चमचा लागावा तसं. मी थांबलो.

"तो तल नाय," पोरगा म्हणाला. "दाब अजून."

मी दाबला. बांबू जात राहिला, गार, चिकट, कुठे अडत नाही आणि कुठे सुटतही नाही, असा अर्धा हात, पाऊण हात, आणि मग खाली टक्क करून थांबला. वर काढला. पाण्याची ओली खूण एका जागी संपत होती, गाळाची करडी दुसऱ्या जागी.

"किती?" मागून मावशींनी विचारलं.

मी बांबू हातात धरून दोन्ही खुणांकडे बघत राहिलो. पोरग्याने वाट बघितली, मग माझ्या हातून बांबू घेतला आणि मागे वळून ओरडला, "अजून घंटाभर!"